रडका डास

रक्त पिणाऱ्या भुतांवर माझा राग आहे. ती रक्त पितात म्हणून नाही, तो तर त्यांचा धंदाच आहे. ती रडायला लागली म्हणून आहे. हल्ली तर त्यांनी ताळतंत्रच सोडलंय. कॉलेजात जातात, भर उन्हात हिंडतात, माणसाचं रक्त वर्ज्य करून हरणाबिरणावर भागवतात आणि मुलींना कविता ऐकवतात. या अधोगतीची सुरुवात मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ती मुलुंडच्या एका वाचनालयात पाहिली आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेवीस वर्षांचा होतो आणि भांडुपच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो. कोण किती मिनिटं उशिरा आला ते टिपून ठेवायचं, हे माझं काम. दुसऱ्याच्या चुका टिपायची ही सवय कारखान्याच्या गेटवर सोडून येणं मला कधी जमलं नाही. घरी आम्ही तिघं. वडिलांची गिरणी बंद पडलेली, आई मालवणकडची, आणि दोघांचंही माझ्याविषयी मत असं, की मुलगा हुशार आहे पण तोंड फार चालतं.

वाचनालय बाजाराच्या गल्लीत होतं. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, पाठीवर शाईने आकडा आणि आत वाचकांची पेन्सिल. ‘भंपक.’ ‘पान ८०पर्यंत सहन करा, पुढे बरं आहे.’ ‘खुनी डॉक्टर आहे.’ असा कुणी खुनी सांगून टाकला, की त्याखाली दुसरा कुणीतरी त्याच्या आईवडिलांचा उद्धार करी. काउंटरवर बसणारे काका ओरडत, “पुस्तकात लिहू नका रे, यार! घरून पाटी घेऊन या!” आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की स्वतःच लिहीत बसत.

रहस्यकथांच्या कपाटात सगळ्यात खालचा कप्पा भुतांचा. त्यात जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती आणि त्यांची मराठी रूपांतरं. तिथेच मला पहिला व्हॅम्पायर भेटला. जुना व्हॅम्पायर सरळ माणूस होता. म्हणजे माणूस नव्हता, पण सरळ होता. वाढलेली नखं, तोंडाला कुजका वास. भूक लागली की येई, पिऊन जाई, आणि शेवटच्या प्रकरणात त्याच्या छातीत खुंटी ठोकली जाई. आपण वाईट आहोत याबद्दल त्याची काही तक्रार नसे.

रूपांतरकारांनी त्याचे हाल केले होते ते वेगळं. त्याला लोणावळ्याच्या बंगल्यात आणून ठेवलं आणि लसणाचं काय करायचं ते सुचलं नाही म्हणून लसूण तसाच ठेवला. लसणाला भिणारं भूत! आमच्या घरी पहिल्याच दिवशी उपाशी मेलं असतं. त्याची ती शवपेटी आमच्या दोन खोल्यांत आली असती, तर आईने तिच्यात गोधड्या भरून वर गादी घातली असती आणि पाहुण्यांना तिच्यावर बसवलं असतं. शिवाय म्हणे बोलावल्याशिवाय त्याला कुणाच्या घरात शिरता येत नाही. आमच्या मजल्यावर विरजण मागायला घरात शिरणाऱ्यांना कधी कुणी बोलावलं होतं? तरीही मला तो आवडायचा.

मग नवा आला. एका वर्षात त्या कप्प्यात याच जातीची पाच-सहा पुस्तकं आली. हा देखणा, फिकट, लांब केसांचा, रेशमी शर्ट घालणारा. आपली गोष्ट आपणच सांगणारा, आणि तीही चारशे पानं. एका पानावर कुणाचं तरी रक्त प्यायचं आणि पुढची वीस पानं त्याचं दुःख करायचं. मरता येत नाही म्हणून दुःख, प्रेम टिकत नाही म्हणून दुःख, आरशात दिसत नाही म्हणून दुःख. आरशात दिसत नाही तर केस इतके नीट कसे विंचरतो, हे कुणी विचारत नव्हतं. आणि ज्याला चावला त्याच्या घरच्यांचं पुढे काय झालं, यावर अर्धी ओळ नाही.

मी आईला हे वाचून दाखवलं. ती मासे साफ करत होती. तिच्या गावच्या वाटेवरचं भूत म्हणजे देवचार, तो नारळ दिला की वाट सोडायचा, नाही दिला की आडवा यायचा, व्यवहार चोख. तिने हातातला बांगडा खाली ठेवला. “भुताक लाज इली तर ता भूत कसला रे?”

आईने शिक्कामोर्तब केल्यावर मी थांबतोय कशाला. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मी ठळक लिहिलं, ‘रक्त पितो आणि वर रडतो. याच्यापेक्षा डास बरा. निदान चावण्याआधी कानाशी सांगून जातो. हा नुसता रडका डास.’

पंधरा दिवसांनी मी पुस्तक सहज उघडलं. माझ्या मजकुराखाली बारीक, गोल अक्षरात उत्तर होतं. ‘डासाला लाज वाटत नाही, याला वाटते. आपल्याला हा फरक दिसला नाही?’

ते ‘आपल्याला’ मला झोंबलं. मी लिहिलं, ‘लाज वाटते तर पिऊ नये.’ उत्तर आलं, ‘घेऊन लाज वाटणारे कमी असतात. न वाटणारेच जास्त पाहिले.’ मी लिहिलं, ‘आपण प्रेमकथा समजून वाचता काय?’ पान भरलं तेव्हा आमचं भांडण दुसऱ्या पुस्तकात गेलं, तिथून तिसऱ्यात. खरं सांगायचं तर मी त्या दिवसांत पुस्तकं वाचतच नव्हतो, शेवटची पानं वाचत होतो.

ही गोल अक्षरवाली व्यक्ती कोण, ते मला काउंटरवरच्या रजिस्टरमधल्या सहीने सांगितलं, बाकीचं काकांनी. दर गुरुवारी येणाऱ्या एक बाई. पन्नाशीच्या, टेलिफोन खात्यात ऑपरेटर, गुरुवार त्यांच्या सुट्टीचा. हातात काळी छत्री, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारं पडवळ. माझी घोर निराशा झाली. इतके दिवस मी भांडत होतो ते या पडवळाशी! पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम सुट्टी टाकून गेलो आणि बाई कपाटापाशी असताना काकांना मोठ्याने म्हणालो, “काका, हल्ली भुतंसुद्धा बायकांसाठी लिहितात ना? रडके डास नुसते!” त्यांनी मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं, सही केली आणि गेल्या. मी जिंकलो असं मला वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आईच्या पोटात गाठ निघाली. रुग्णालयात भरती केलं, शुक्रवारी ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त कमी आहे, ऑपरेशनला दोन बाटल्या लागतील. आम्ही कुठल्याही गटाच्या दोन बाटल्या रक्तपेढीत भरायच्या, मग पेढी आईच्या गटाचं रक्त देणार. नाही भरल्या तर ऑपरेशन पुढे, आणि पुढे म्हणजे कधी ते कुणी सांगत नव्हतं. गाठ मात्र थांबायला तयार नव्हती. वडिलांचं वय उलटलेलं, त्यांना पेढीने परत पाठवलं. घाटकोपरहून मामा आला आणि सोमवारी एक बाटली देऊन गेला. दुसरी कुणी द्यायची हा प्रश्नच नव्हता. “त्यात काय!” असं मी आईच्या खाटेपाशी उभं राहून म्हणालो होतो.

मंगळवारी मी एकटाच गेलो. माझ्या आधीचा माणूस खाटेवर पडला होता, हातात रबराचा चेंडू दाबत. सुई विणायच्या सुईएवढी होती, निदान मला तेवढी दिसली. खाली काचेची बाटली हळूहळू भरत होती. पुस्तकातलं रक्त लालभडक असतं, हे काळपट होतं आणि त्याला फेस येत होता. माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात फॉर्म भरणारा माणूस विचारू लागला, “ताप? मलेरिया? कावीळ?”

“हो,” मी म्हणालो.

“काय हो?”

“कावीळ. सहा महिने झाले.”

त्याने फॉर्मवर रेघ मारली. “मग आधी नाही का सांगायचं? दुसरा कुणीतरी आणा.”

मला जन्मात कधी कावीळ झाली नव्हती. बाहेर येऊन मी उसाचा रस प्यायलो. एक नाही, दोन ग्लास.

बुधवारी मी काकांना सांगितलं. “तुला कावीळ कधी झाली रे?” ते म्हणाले. “झाली होती,” मी म्हणालो. त्यांनी ‘नवीन पुस्तके’ लिहायच्या फळ्यावर खडूने मोठं लिहिलं, की आपल्या एका वाचकाच्या आईसाठी उद्यापर्यंत एक बाटली रक्त हवं आहे. खाली आईचं नाव, वॉर्ड, रुग्णालय. मग मी काउंटरला टेकून उभा राहिलो आणि भुतांच्या कप्प्याचे सगळे शूर वाचक येताना पाहिले. रक्ताचे पाट वाहत असलेलं पुस्तक ज्यांना जेवताना लागतं ते हे लोक. एकाला नुकतीच कावीळ झाली होती. दुसऱ्याला होऊन गेली होती. तिसऱ्याला बहुधा होणार होती. एवढी कावीळ खरंच असती तर पालिकेने आमच्या गल्लीचं पाणी तोडलं असतं. मी मनातल्या मनात एकेकाला शिव्या घातल्या, आणि मनापासून घातल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मला अर्थात दुसऱ्यांविषयीच आठवलं.

गुरुवारी दुपारी रुग्णालयात गेलो ते वडिलांना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत. जाता जाता पेढीच्या खिडकीशी विचारलं, तर आतला माणूस म्हणाला, “भरली की दुसरी बाटली. सकाळी एक बाई देऊन गेल्या. पेशंटचं नाव, वॉर्ड, सगळं बरोबर सांगितलं. छत्री विसरल्या बघा, ओळखीच्या असतील तर घेऊन जा.”

काळी छत्री होती. मी ती घेतली आणि वॉर्डात गेलो. नर्सने दोन्ही बाटल्या आल्याचं आईला आधीच सांगितलं होतं. आईने माझा हात धरला. “दिलंस मा रे? दुखला नाय ना?”

“नाही,” मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. मला खरंच काही दुखलं नव्हतं. वडील खिडकीशी उभे होते, त्यांनी येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. वडिलांनी तसं त्याआधी कधी केलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. पुढच्या गुरुवारी मी छत्री घेऊन वाचनालयात जाऊन बसलो. बाई आल्या, छत्री घेतली, उघडून काड्या पाहिल्या, मिटली.

“आई कशी आहे?”

“बरी आहे. तुमचे फार उपकार...”

“काका सांगत होते. तुला खरंच कावीळ झाली होती?”

या बाईने वीस-पंचवीस वर्षं कानाला हेडफोन लावून अख्ख्या शहराचे आवाज ऐकले होते. तरी मी म्हणालो, “हो.”

“मग तेलकट खाऊ नकोस,” त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पुस्तकावर तारीख मारून घेतली आणि गेल्या.

त्या गेल्यावर मी खालच्या कप्प्यातून ते पहिलं पुस्तक काढलं. शेवटच्या पानावर त्यांचं वाक्य होतं, ‘घेऊन लाज वाटणारे कमी असतात.’ समासात अजून थोडी जागा होती. मी खिशातून पेन्सिल काढली. ‘मला कावीळ झाली नव्हती’ एवढंच लिहायचं होतं. काका ओरडले, “काय लिहितोस रे तिथे?” मी म्हणालो, “काही नाही,” आणि पुस्तक जागेवर ठेवलं. त्या कप्प्याकडे मी पुन्हा फिरकलो नाही, आणि काही महिन्यांनी वाचनालयच बदललं.

आई त्यानंतर वीस-बावीस वर्षं जगली. त्या प्रत्येक वर्षी तिने कुणा ना कुणाला सांगितलं, “माझ्या अंगात माझ्या झिलाचा रगात आसा, आता माका काय्येक होवचा नाय.” शेजारणींना सांगितलं, मला पाहायला आलेल्या मुलीच्या वडिलांना सांगितलं, नंतर त्याच मुलीला सून म्हणून दर थोड्या दिवसांनी सांगितलं. पेढीत बाटलीला बाटली मिळते, ज्याची त्यालाच नाही, हे मी तिला कधी समजावलं नाही, कारण तिथून पुढचं सगळंच समजावावं लागलं असतं. बायकोलाही सांगितलं नाही. त्या रडक्या डासाने आपली लाज चारशे पानं सांगितली म्हणून मी त्याला हसलो. मला एक ओळ पुरली असती.

शेवटच्या आजारात आईला फारसं बोलवत नव्हतं. एकदा समोरच्या शेजारीणबाई भेटायला आल्या, तेव्हा तिने माझा हात ओढून घेतला, कोपराच्या आतल्या शिरेवर अंगठा ठेवला आणि त्यांना दाखवलं. “हयसून बाटली काढल्यांनी,” ती म्हणाली. “झील माझो रडलो सुद्दा नाय.”

मी तेव्हाही रडलो नाही.