दोनाचा वर्ग अधिक दोनाचा घन

सर गेले. भर क्लासमध्ये त्यांना खोटं पाडणारा मी मात्र धडधाकट आहे.

सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसवर त्यांचा फोटो.
बोथ गावातल्या त्यांच्या क्लासमध्ये ज्यांनी कधी पाय ठेवला नाही, त्यांच्याही. लावा.

मी तेव्हा इंटरच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग एकदम इंग्लिश. सर मराठीतून गणित समजवायचे, म्हणून आम्ही सगळे त्यांच्याकडे.

खरं सांगतो, मी तिच्यासाठी जायचो. ती पुढच्या ओळीत बसायची.

त्या दिवशी फळ्यावर होतं, दोनाचा वर्ग अधिक दोनाचा घन.
मी ऐटीत उठलो आणि उत्तर लिहिलं, दोनाचा पाचवा घात.

सर म्हणाले, पाया सारखा असला की घातांची बेरीज होते, पण गुणाकारात. इथं अधिकचं चिन्ह आहे.
मी ऐकेचना.

त्यांनी मूठभर सरकी टेबलावर टाकली. चार बिया इकडे, आठ तिकडे.
"मोज."
बारा.
मग पाचवा घात मांडायला लावला. बत्तीस.

ती हसली.

बस. डोकं सटकलं माझं.
"इंग्लिश मीडियममंदी असंच असते सर. तुमचं मराठी गणित जुनं झालं आता."
सगळी सरकी हातानं उधळली अन् निघालो.

पुढं कॉलेजही असंच सोडलं. लेक्चररनं चूक दाखवली, मी पेपरच फाडला.

तिचं लग्न झालं. आज सरांच्या घरी आली होती, नवऱ्यासोबत. ओळख दिली नाही. बरंच केलं.

त्या भांडणानंतर सर दोनदा आमच्या घरी आले होते. बापाकडे तक्रार करतील म्हणून दोन्ही वेळेस मी मागच्या दारानं पऱ्हाटीच्या शेतात पळालो.

आज काकूंनी, सरांच्या बायकोनं, मला बाजूला बोलावलं.
"तू गेला अन् तुझ्या सरायनं इंग्लिश मीडियमचं पुस्तक आणलं. डिक्शनरी घेऊन एक एक शब्द लावत बसले. म्हणे, पोरगं खरं तं नाही म्हणत? मीच इतकी वर्षं चुकीचं तं नाही शिकवून राह्यलो?"

ते पुस्तक मला दाखवायलाच सर आले होते. दोन्ही वेळेस.

काकू, तोंडावर बोलता आलं नाही, इथं लिहितो.
सरांचं बरोबर आहे हे मला बिया मोजतानाच कळलं होतं.
एका पोरीसमोर हरायचं नव्हतं, म्हणून मी त्या माणसाला स्वतःवरच शंका घ्यायला लावली.

सर, माफी मागायची माझी लायकी नाही.
तुमी एक दिवसही चुकीचं शिकवलं नाही.
निवांत जा.