क्वाशीबाच्या नावावरचं कुंकू

नीलांबरीकाकू अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या जुन्या पॅथॉलॉजिस्ट. निवृत्तीनंतर मैत्रिणी क्रूझवर गेल्या. काकूंनी कादंबरी लिहायला घेतली. तीही कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांची, तिथे गुलाम म्हणून राबलेल्या माणसांची.

"पेशवे संपले का काय?" मराठी मंडळातले लोक चिडवायचे.

काकू हसण्यावारी न्यायच्या. त्या साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढल्या होत्या. वडील तिथे केमिस्ट. साखरेच्या जिवावर आपण डॉक्टर झालो, हे त्या सगळ्यांना सांगत. कुंपणापलीकडे ऊसतोडीला आलेल्या बायकांच्या झोपड्या होत्या, हे क्वचितच.

अबोली त्यांच्या मैत्रिणीची मुलगी. साहित्य शिकलेली, नोकरी शोधणारी. अटलांटातल्या एका विद्यापीठात जुन्या कागदपत्रांचा संग्रह होता. काकूंना तिथे तीच ड्राइव्ह करून नेई. त्या शुक्रवारी अबोलीच्या आईने चैत्रातलं हळदीकुंकू सकाळीच उरकलं. आंब्याची डाळ खाऊन, हात स्वच्छ धुऊन दोघी निघाल्या.

दुपारी काकूंना ती सापडली. एका मळ्याच्या कागदात, एकाच ओळीत. क्वाशीबा. वय चौदा. उसाच्या चरकात डावा हात गेला. आता निरुपयोगी.

काकूंना पुढचं वाचवेना. शाळेत वहीला पाय लागला की करायच्या, तेच हातून आपसूक घडलं. बोटं नावाला टेकवली, कपाळाला लावली, पुन्हा नावाला टेकवली.

नावावर लाल डाग उठला. कपाळावरचं कुंकू.

त्यांनी घाईने पुसलं. डाग शेजारच्या ओळीवर पसरला.

अबोली बघतच राहिली. "काकू! काय केलंत?"

"नमस्कार केला गं."

"कुणी पाहिलं नाही. पान उलटा, यार. सांगितलंत तर परत आत घेणार नाहीत. तुमची कादंबरी अर्धी आहे."

काकूंनी पान उलटलं. पुढच्या पानावर त्यांची नजर ठरेना. डॉक्टर असताना तपासायला आलेल्या कुणाच्या नमुन्याला त्यांनी कधी बोट लागू दिलं नव्हतं. कितीतरी वेळ त्या तशाच बसल्या. मग पान मागे केलं आणि उठल्या.

टेबलामागची अधिकारी बाई कृष्णवर्णीय होती, वयाने काकूंएवढीच. काकूंनी इंग्रजीत सगळं सांगितलं. नमस्कार सांगताना शब्द अडखळले. बाई येऊन पानावर वाकली.

"हा कसला रंग?"

"आम्ही कपाळाला लावतो तो. मला तिचा मान राखायचा होता."

 डागातून बाईने नाव वाचलं, हळू आवाजात. मग कागदांचं खोकं उचललं. चौकशी होईपर्यंत तुम्हाला कागद मिळणार नाहीत, म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर काकूंना बरं वाटलं असतं.

गाडीत अबोलीने बोटं पुसायला टिश्यू पुढे केला. काकूंनी तो नुसताच हातात धरला.

"सॉरी काकू. मी गप्प बसा म्हणाले."

"मीही बसले होतेच की."

हायवे लागला. गाड्या तुंबल्या होत्या.

"तोवर तुमच्या कारखान्यावरच्या त्या बायकांचं लिहा ना," अबोली म्हणाली. "त्यांना तर तुम्ही रोज बघत होतात. त्यासाठी कुणाची परमिशन नको."



"कुणाचं लिहू?" काकू म्हणाल्या. "एकीचंही नाव मी कधी विचारलं नाही."