व्याह्यांसोबत जलविहार

माझ्या मुलीचं लग्न जमता जमता जलपर्णीत अडकलं, आणि सुकाणू तेव्हा माझ्या हातात होतं.

आमच्या प्रणालीनं आणि त्या मुलानं एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. आता मोठ्यांची भेट तेवढी राहिली होती. त्यासाठी मुलाचे वडील दौलतराव सहकुटुंब बपेऱ्याहून भंडाऱ्याला आमच्या घरी आले. जेवणं उत्तम झाली. पण जेवणानंतर कोणाला काही बोलायला सुचेना. त्या शांततेला घाबरून मी म्हणालो, "चला, नदीवर बोटिंगले जाऊ."

"तुमाले चालवता येते?" दौलतरावांनी विचारलं.

"आता काय सांगू, वैनगंगेच्या पाण्यावरच वाढलो." (हे खरं आहे. पाणी नळानं येत होतं.)

पुलाजवळ नवा धक्का झाला आहे. तिथे पायडल मारायच्या हंसाच्या आकाराच्या बोटी, मुलांची छोटी आगगाडी आणि फोटो काढायला भलंमोठं लाल बदाम आहे. बायका बाकावर बसल्या. नवरा-नवरी बदामाकडे गेले. मी आणि दौलतराव लाइफ जॅकेट घालून एका हंसात शिरलो. दौलतरावांच्या पोटावर जॅकेटचा पट्टा लागेना, म्हणून बोटवाल्यानं तो सुतळीनं बांधला.

"काका, त्या पाण्यावर तरंगणाऱ्या लाल डब्यांच्या पुढं जाऊ नका," बोटवाला म्हणाला. "तिकडं जलपर्णी हाय. आन् मोटरबोट आज बंद हाय."

मी मान हलवली. ऑफिसातही मी सूचनांवर मानच हलवतो.

पाण्यावर छान वारा होता. दौलतराव दमदार पायडल मारत होते आणि मी एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्या हातानं पलीकडच्या काठावरची देवळं दाखवत होतो. तिसरं देऊळ दाखवताना पायडल जड लागायला लागले. चौथ्याला ते फिरेनासेच झाले. मागे वळून पाहिलं, तर लाल डबे बरेच मागे राहिले होते आणि आमच्या चहूबाजूंनी हिरवंगार रान होतं.

"इवाई, आपन वावरात काहून आलो?" दौलतरावांनी विचारलं.

धक्क्यावरून माझी बायको शोभा दोन्ही हात हलवत होती. ती मजेत आहे असं वाटून आम्हीही हात हलवले. तिनं अजून जोरात हलवले. आम्हीही. मग माझ्या लक्षात आलं आणि मी ओरडायला उभा राहिलो, तशी बोट कलली.

"बसा," दौलतराव शांतपणे म्हणाले. "पोरीचं लगन पाहाचं हाय का नाई?"

मी बसलो.

"तुमाले पोहता येते ना?"

"नाई. तुमाले?"

"मी धान पिकवतो. त्यात पानी घोट्याएवढंच रायते."

खाली पाणी किती खोल आहे याचा अंदाज घेता घेता माझा धीर सुटला. "खरं सांगतो," मी म्हणालो, "आजचा सयपाक तिच्या मायनं केला. पोरीले चहाच्या पुढं काई येत नाई."

दौलतरावांनी सुतळीची गाठ चाचपली. "आमचा पोट्टा झोपेत बोलते. कदी कदी भांडतेही."

एवढं सांगून झाल्यावर दोघांनाही जरा हलकं वाटलं. बोटीला मात्र काही फरक पडला नाही.

तेवढ्यात कोळ्याचा एक डोंगा आमच्याकडे येताना दिसला. मागे कोळीदादा बांबू रेटत होते. मधे विहीणबाई डोळे मिटून बसल्या होत्या. आणि पुढे, पदर खोचून, दुसऱ्या बांबूनं जलपर्णी बाजूला सारत शोभा उभी होती. तिचं माहेर आंधळगावजवळ तलावाच्या काठी. लहानपणी ती डोंग्यातून शिंगाडे काढायची, हे तिनं मला लग्नानंतर अनेकदा सांगितलं होतं. मी त्यावरही मान हलवली होती.

तिनं हंसाच्या मानेत दोर अडकवला. "हालू नका," ती मला म्हणाली. "काई दाखवू बी नका."

अशा रीतीनं गळ्याला दोर बांधलेल्या हंसातून आम्ही परतलो. धक्क्यावर सगळे मोबाइल आमच्याकडे रोखलेले. त्यात दोन ओळखीचे होते: आमची मुलगी आणि त्यांचा मुलगा. हसून हसून दोघं एकमेकांच्या खांद्यावर कोसळले होते.

बोटवाल्यानं सुतळी कापली. दौलतरावांनी मोठा श्वास घेतला आणि तिथेच जाहीर केलं, "पोरगी पसंत हाय. पोरीची माय तं लयच पसंत हाय."

मी थोडा वेळ वाट पाहिली.

"आन् मी?" मी विचारलं.

दौलतरावांनी मला नीट न्याहाळलं.

"तुमी तं पोरीसंग येताच, इवाई," ते म्हणाले. "घ्याच लागते."