बॅटरी दावणारे काका

पैठणच्या एसटीत ते माझ्या शेजारी, खिडकीजवळ येऊन बसले. माझं लक्ष गेलं ते त्यांच्या चालण्याकडं. साठी उलटलेली, पाठ चांगली ताठ, तरी दारापासून जागेपर्यंत ते वाकून चालत आले, उजवी मूठ गुडघ्याजवळ धरून.

“कंबर दुखते का काका?” मी विचारलं.

“नाय हो, सवय हाय. टॉकीजमधी बॅटरी दावायचो. ताठ चाललं की मागच्याला पडदा दिसत नाय.”

टॉकीज बंद पडून लई वर्षं झाली, हेही त्यांनीच सांगितलं. लहानपणी आम्हाला उशीर झाला, की अंधारात असाच एक उजेडाचा ठिपका पायांपुढं चालायचा. वडिलांचं बोट धरून त्याच्यामागं जायला मला पिक्चरपेक्षाही जास्त आवडायचं.

माझ्या मोबाइलवर कोरियन मालिका चालू होती. ते थोडा वेळ बघत राहिले.

“आपलं मराठी नाय व्हय यात?”

“आहे की. पण शोधावं लागतं. उघडलं की सगळं बाहेरचंच समोर येतं.”

“मग अंधारात कुणीतरी बॅटरी दावाय पाहिजे ना,” ते म्हणाले.

बिडकीन आलं तसे ते उठले. बसमध्ये ज्याचा त्याचा पडदा ज्याच्या त्याच्या हातात होता. तरी ते वाकूनच गेले, कुणाच्या आड न येता. कुणीही मान वर केली नाही.

मी मात्र त्यांना वाट देताना पाय आत घेतले होते, टॉकीजमध्ये घ्यायचो तसे.