बाराशे मीटरवर तीन पापड

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी धाकट्याने विचारले, "आजोबा, तुम्ही ट्रेन चालवायचात का?" आजोबा म्हणाले, "नाही." त्याने विचारले, "मग काय करायचात?" आजोबा म्हणाले, "मागे बसायचो." आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

पस्तीस वर्षांच्या नोकरीबद्दल तुमच्या हाती एवढेच लागले, हे मला आठवडाभर खुपत राहिले. मी इंग्रजीची शिक्षिका होते. दोन शब्दांच्या उत्तराला मी कधी पूर्ण गुण दिलेले नाहीत. म्हणून आज सकाळची कामे आटोपून, टेबल पुसून लिहायला बसले आहे. अवघड वाटेल तिथे आईकडून वाचून घ्या. वाचताना ती हसायला लागली तर तिला हसू द्या.

आधी थोडी माहिती. मालगाडीच्या पुढच्या टोकाला ड्रायव्हर असतो आणि मागच्या टोकाला, अगदी शेवटच्या डब्यात, गार्ड असतो. आजोबा गार्ड होते. त्या डब्याला ब्रेक व्हॅन म्हणतात. आत एक बाक, बाहेर छोटासा सज्जा, आणि बोलायला कोणी नाही. कर्जतला गाडीच्या मागे घाट चढवायला आणखी इंजिने जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. म्हणजे कर्जतनंतरच्या पळसदरी स्टेशनपासून पुढे आजोबांच्या पाठीशी बँकर ढकलत असायचे, पुढे चाळीस-पन्नास डबे असायचे, आणि मधे आजोबा डबा मांडीवर घेऊन पोळीभाजी खात असायचे. ड्रायव्हरशी त्यांचे बोलणे मुख्यतः झेंडी, दिवा आणि शिट्टीने चाले. वॉकीटॉकी आली, पण आजोबा त्यावरही "ओके" पलीकडे गेले नाहीत.

इतकी वर्षे असे काम केल्यावर माणूस वाक्ये बोलायचा विसरतो. घरात त्याचा त्रास नव्हता, उलट सोयच होती. पण रेल्वेत दर काही वर्षांनी गार्डला उजळणीच्या वर्गाला जावे लागते आणि शेवटी नियमांची तोंडी परीक्षा असते. निवृत्तीला दोन वर्षे राहिली असताना आजोबा त्या परीक्षेत नापास झाले.

नियम येत नव्हते म्हणून नाही. साहेबांनी विचारले, "गाडी घाटात बंद पडली तर काय कराल?" तर आजोबा खुर्चीतून उठले, हात आडवा करून दिवा हलवल्यासारखे केले, खोलीभर चालून आले, दाराजवळ दोनदा वाकले आणि परत येऊन बसले. त्यांच्या मते उत्तर संपले होते. साहेबांनी कागदावर लिहिले, "उत्तर दिले नाही."

एका महिन्याने पुन्हा परीक्षा होती. त्यात पास झाले नाहीत तर गाडीवरून उतरवून ऑफिसात बसवणार होते, उरलेली दोन्ही वर्षे. संध्याकाळी चहा पिताना आजोबा एवढेच म्हणाले, "मला टेबलावरून रिटायर व्हायचं नाही." ते सबंध वाक्य होते. त्यावरून मला प्रकरण किती गंभीर आहे ते कळले.

मी नियमांचे पुस्तक मागून घेतले. ते इंग्रजीत होते आणि मला फार आवडले. प्रत्येक शब्दाचा अर्थ सुरुवातीलाच सांगून टाकलेला, मग कोणी काय करायचे, कोणत्या क्रमाने, आणि न केल्यास काय. असे घर मला चालवायला मिळाले असते तर! मी वेळापत्रक आखले. सकाळी साडेसहा ते सात, संध्याकाळी सहा ते सात. रविवारी उजळणी. आणि मधून मधून, न सांगता, अचानक चाचणी.

"अचानक कशाला?" आजोबांनी विचारले.

"गाडी सांगून बंद पडते का?"



आता मुख्य नियम सांगते, तो समजला की पुढचे सगळे समजेल. गाडी मधेच अडकली आणि पुढे जाता येत नसेल तर ड्रायव्हर चार छोट्या शिट्ट्या देतो. त्या ऐकल्या की गार्डने खाली उतरून लाल झेंडी दाखवत मागे चालत जायचे, कारण मागून दुसरी गाडी येऊन आदळू शकते. सहाशे मीटरवर रुळावर एक फटाका लावायचा. हा दिवाळीचा नव्हे, चपटी डबी असते, चाक वरून गेले की फुटते आणि येणाऱ्या ड्रायव्हरला कळते की थांबायचे आहे. मग बाराशे मीटरवर आणखी तीन फटाके, दहा-दहा मीटर अंतराने. आणि झेंडी घेऊन तिथेच उभे राहायचे. आपल्या ड्रायव्हरने परत बोलावण्याची शिट्टी दिल्याशिवाय हलायचे नाही.

आमचे घर कर्जतच्या कडेला, कडावच्या रस्त्यावर. रस्ता सरळ, म्हणून सराव तिथेच. मी ड्रायव्हर, शाळेतल्या खेळाच्या तासाची माझी शिट्टी गळ्यात. पण फटाके कुठून आणायचे? खरे फटाके मोजून मिळतात, त्यांना घरी हात लावणे शक्य नव्हते. मी म्हटले, दगड ठेवा.

"दगड फुटत नाही."

"मग?"

आजोबांनी गच्चीकडे पाहिले. गच्चीवर पोह्याचे पापड वाळत होते. खालापूरहून माझ्या वहिनीने दिलेल्या पिठाचे, मी स्वतः लाटलेले. मी नाही म्हणणार होते, पण आजोबांनी इतक्या आशेने माझ्याकडे फार वर्षांत पाहिले नव्हते. रोज चार पापड मंजूर केले. वहिनीने फोनवर विचारले, "पापड कसे झालेत गं?" मी म्हटले, "आवाज छान येतो."

पहिले काही दिवस बरे गेले. मी शिट्टी वाजवायची, आजोबा पावले मोजत जायचे, आणि परत आल्यावर काय केले ते मला पूर्ण वाक्यात सांगायचे. "मी खाली उतरलो. मी लाल झेंडी दाखवली. मी सहाशे मीटरवर एक पापड ठेवला." अडखळत, पण सांगायचे. नंतर पापड झटकून तळायचे. नाही, तळले नाहीत, तुमच्या आईला तसे सांगू नका. चिमण्यांना घातले.

मग तो मंगळवार आला. परीक्षा पुढच्या सोमवारी होती. आजोबा दाढी करत होते, मी स्वयंपाकघरात होते आणि कुकरमध्ये तूरडाळ होती. कुकरच्या शिट्टीखाली काहीतरी अडकले असावे. एरवी तो एक लांब शिट्टी देऊन दम घेतो. त्या दिवशी त्याने लागोपाठ चार छोट्या दिल्या.

मी गॅस बारीक केला आणि कोथिंबीर निवडायला घेतली. घरात फार शांत वाटत होते, पण आमच्याकडे ते नेहमीचेच.

वीस-पंचवीस मिनिटांनी फोन वाजला. कडावहून आम्हाला दूध घालणारी बाई होती. स्कूटरला दोन कॅन लावून येते. शाळेत माझ्याच हाताखाली शिकली, त्यामुळे मला अजून बाई म्हणते.

"बाई, तुमची गाडी कुठं अडकलीय?"

"कुठली गाडी?"

"त्येच तं मी इचारतेय. गार्डसायब रस्त्यात हुभे हायत लाल झेंडी घेऊन. माज्या चाकाखाली कायतरी कडाकडा फुटलं, तीन येळा. मला वाटलं स्कूटरच गेली. आता म्हनतात, पुडं जायाचं नाय."

"त्यांना फोन दे."

"घेत नाय. ड्रायव्हर बोलावंल तवाच हलनार म्हनतात. बाई, आर्धीच दाढी केलीय त्यांनी."

मागून टेंपोचा हॉर्न ऐकू येत होता. मग एका माणसाचा आवाज आला, "अहो काका, कोंबड्या आहेत मागे, मरतील उन्हात!" आणि मग आजोबांचा आवाज, स्पष्ट आणि खणखणीत, "पुढे गाडी उभी आहे. मी तिचं संरक्षण करतोय. नियम आहे."

"काका, पुढं रस्ता मोकळा दिसतोय."

"दिसतोय म्हणून जायचं नसतं."

माझ्या लक्षात आले तेव्हा माझ्या हातातली कोथिंबीर खाली पडली. त्यांना वाटले होते, अचानक चाचणी. साबण लावलेला चेहरा घेऊन, झेंडी आणि चार पापड उचलून ते बाराशे मीटर चालत गेले होते. आणि नियमाप्रमाणे आता त्यांना मी परत बोलावायचे होते. पण इतक्या लांब माझी शिट्टी ऐकू जाणार कशी?

"फोन स्पीकरवर टाक," मी म्हटले, "आणि त्यांच्या कानाजवळ धर."

"बरं. अवो गार्डसायब, तुमचा ड्रायवर बोलतोय बगा."

मी फोनमध्ये जीव खाऊन शिट्टी फुंकली. पलीकडे टाळ्या, एक हॉर्न, आणि कोंबड्या. आजोबा खाली वाकून पापडाचे तुकडे गोळा करत असल्याचे तिने मला नंतर सांगितले, कारण रुळावरून आपले सामान उचलल्याशिवाय गार्ड परत येत नाही.

घरी आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती गुण?"

चाचणी नव्हती, कुकर होता, हे सांगायला मला धीर झाला नाही. मी म्हटले, "दहापैकी नऊ." एक गुण दाढीचा कापला. कुकरचे मी त्यांना परीक्षेनंतर सांगितले.

सोमवारी ते परीक्षेला गेले. मी दिवसभर काय केले ते सांगत नाही, फक्त एवढे सांगते की त्या दिवशी घरातली सगळी पुस्तके उंचीप्रमाणे लागली. संध्याकाळी आजोबा आले, चपला काढल्या.

"काय झालं?"

"झालं."

"पूर्ण वाक्यात."

आजोबा बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "साहेबांनी तोच प्रश्न विचारला. मी उठलो नाही. मी हात मांडीखाली धरले. मी सगळं क्रमाने सांगितलं. मी म्हटलं, बाराशे मीटरवर मी तीन पापड ठेवीन."

मी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी पेन खाली ठेवले होते. "काय ठेवाल?"

आजोबा खोटे बोलत नाहीत, आणि गोंधळले की अजिबातच बोलू शकत नाहीत. त्यांनी खरे ते सांगितले. "पापड, सर. पोह्याचे."

"का?"

आणि मग मुलांनो, एक आश्चर्य घडले. साहेबांना काय ते समजावे म्हणून आजोबांनी मंगळवारची हकीकत सांगायला घेतली. चार शिट्ट्या कशा झाल्या, ते का उतरले, झेंडी कोणत्या हातात होती, पहिला पापड कुठे, पुढचे तीन किती अंतरावर, दूधवाली का थांबली, तिला पुढे का सोडले नाही, कोंबडीवाल्याला काय सांगितले, आणि परत बोलावल्याशिवाय का हलले नाहीत. एकही पायरी सुटली नाही. शेजारच्या टेबलावरचे दुसरे साहेबही खुर्ची ओढून ऐकायला बसले. आमच्या लग्नापासून आजोबा एका दमात इतके बोलल्याचे मला आठवत नाही, आणि ते बोलले तेव्हा मी तिथे नव्हते, याचा मला अजून राग आहे.

शेवटी साहेबांनी विचारले, "आणि दूधवाली थांबलीच नसती तर?"

"फुटल्याचा आवाज आला की थांबावंच लागतं, सर. ती थांबली."

साहेबांनी कागदावर "पास" लिहिले आणि ते म्हणाले, "गाडीवर मात्र डबीच घेऊन जा. पापड घरी ठेवा."

आजोबांनी "होय सर" म्हटले आणि ते वाक्य तिथेच संपवले.

उरलेली दोन वर्षे त्यांनी ब्रेक व्हॅनमध्येच काढली. शेवटच्या दिवशी लोणावळ्याहून उतरलेली मालगाडी घेऊन ते कर्जतला आले. मी फलाटावर होते. ते सज्ज्यात उभे होते. गाडी थांबेपर्यंत त्यांनी मला हात केला नाही, कारण हात हलवला तर ड्रायव्हरला तो इशारा वाटू शकतो.

मधल्या काळात रेल्वेने गार्डचे नाव बदलून ट्रेन मॅनेजर केले होते. निवृत्तीच्या कागदावरही तेच आले. दूधवालीला मी ते वाचून दाखवले. तिने कॅनचे झाकण लावता लावता विचार केला.

"म्यानेजर म्हंजे खुर्चीवर बसतो त्यो?"

"तसंच काहीसं."

"मंग ह्यांना कशाला म्हनायचं? ह्ये तं रस्त्यात हुभे व्हते."

आता कर्जतहून घाटात जाणाऱ्या कुठल्याही गाडीवर, कागदोपत्री, गार्ड नाही. कडावच्या रस्त्यावर एक आहे. दूधवाली, टेंपोवाला आणि कोपऱ्यावरचा किराणावाला त्यांना अजून गार्डसाहेबच म्हणतात, आणि त्यांनी रस्त्यात हात आडवा केला तर तिघेही थांबतात.