निळी नळी, सहा मजले

नानांनी ती आधी पाहिली. दिवाळीला सुरतहून गावी धुळ्याकडे जाताना, बसच्या खिडकीतून. चलथाणच्या पुढे, रस्त्यालगतच्या वॉटर पार्कमध्ये लोखंडी खांब उभे राहत होते. होळीला पुन्हा गेले तेव्हा खांबांभोवती एक निळी नळी वळसे घेत वर चढली होती. एप्रिलमध्ये आई फोनवर म्हणाली, "तुन्हा नाना इचारी राहिनात, ते कधी चालू व्हई."

नाना म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षे सुरतच्या लिंबायतमध्ये लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते, गेल्या वर्षी काम सोडले. आम्ही लहानपणी कुठेही गेलो, जत्रेत किंवा बागेत, की ते थैल्या घेऊन बाकावर बसत. स्वतःहून काही करून बघायचे आहे असे त्यांनी कधी म्हटल्याचे मला आठवत नाही. मी नाशिकहून निघाले.

सापुताऱ्यावरून येणारी बस सात तास घेते. घाट लागत असेल तर पुढची जागा धरा. आई-नानांचे घर सुरतेत नवागामला. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आम्ही तिघे सकाळी आठला निघालो. रविवारी जाऊ नका. सगळे सुरत तिथे असते. डिंडोलीहून चलथाणपर्यंत शेअर रिक्षा मिळते, तिथून दुसरी. साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की पाच मिनिटे उरली.

बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला होता. फाटकाबाहेर निंबाखाली उभ्यानेच खाल्ले. साठीच्या वरच्यांना तिकिटात सवलत आहे, आधार कार्ड जवळ ठेवा. सुती कपडे चालत नाहीत; नायलॉनचे भाड्याने मिळतात. नानांनी सदऱ्याची कड चिमटीत धरून चोळली.

"आपला लूमनं नही हाई," म्हणाले, आणि अंगात घातला.

या मोसमात तिथे तीन गोष्टी नव्या आहेत. लाटांचा तलाव, लाट दर अर्ध्या तासाने येते आणि कमरेच्या वर जात नाही. मुलांसाठी एक किल्ला, ज्यावरची बादली भरली की उलटते. आणि निळी नळी. चौघांची गोल रबरी बोट सहा मजल्यांवरून सुटते, मध्ये एका टाकीत थांबते, मग दुसरी उडी. नानांनी पहिल्या दोन्हींकडे पाहिलेही नाही.

जिने चढायला वेळ लागतो, दर मजल्यावर बाक आहेत. आई बसणार नव्हती. वरून चलथाण दिसते का, एवढेच तिला पाहायचे होते. तिचा हात सारखा डोक्याकडे जायचा, पदर नाही हे कळून परत यायचा. आमच्या चपला तिच्याकडे होत्या.

वर शिट्टी गळ्यात अडकवलेला पन्नाशीचा एक माणूस होता. त्याने नानांना गुजरातीत काहीतरी सांगितले. नाना नळीच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याने पुन्हा सांगितले. मग माझ्याकडे वळला. "काकाने संभळातुं नथी?"

उजव्या कानाशी मोठ्याने बोलले तर ऐकू येते, मी म्हणाले.

"तो नहीं होगा, बेन. बीच में टाकी पर सीटी बजेगी. उस टाइम पाँव अंदर, पीठ पीछे. नहीं सुना तो लगेगा. जवाबदारी किसकी?"

मी समोर बसेन आणि सांगेन, असे मी म्हटले.

"कैसे बोलोगी? कान तक पहुँचोगी?"

नानांना आमचे बोलणे ऐकू आले नव्हते, पण कळले होते. ते जिन्याकडे वळले आणि कठड्यावर हात ठेवला.

"ओ भाई," आई म्हणाली. "इनको मैं बोलेगी. हाथ से."

लूमच्या शेडमध्ये यंत्रांच्या खडखडाटात तोंडाने बोलून उपयोग नसतो. माणसे हातांनी आणि ओठांनी बोलतात. आई वीस वर्षे डबा घेऊन शेडमध्ये जायची, ती हे शिकली. मी तिच्याबरोबर जायचे ती दारापर्यंत. कानात बोटे घालून पुस्तक वाचत उभी राहायचे.

"बोलो, देखते हैं," शिट्टीवाला म्हणाला.

आईने चपला खाली ठेवल्या आणि नानांच्या खांद्याला हात लावला. ते वळले. मग ती दहा पावले मागे गेली. तिचे हात चार-पाच वेळा हलले, छातीजवळ, फार मोठे नाहीत. नानांनी उभ्यानेच एक पाय उचलला, पाठ मागे नेली. मग माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "टाकीवर शिट्टी वाजी, म्हणस."

शिट्टीवाला हसला. "चलो. मासी काका के सामने बैठेगी."

हे आईच्या लक्षात आले नव्हते. तिने नळीत पाहिले. पाणी वळणापर्यंत दिसत होते, पुढे नाही.

"तुले येत नही का?" तिने हातांची खूण करत मला विचारले.

"नाही."

तिने चपला माझ्या हातात दिल्या.

मी जिन्याने खाली आले. बोट बाहेर आली तेव्हा नाना दोन्ही कड्या धरून बसले होते. आईचा एकच हात कडीवर होता. दुसरा हवेत होता, अजून बोलत होता.

"डोया मिटी लिधात त्यास्नी," ती काठावर चढत म्हणाली. "मंग कसं सांगू? लाता मारी मारी उघडाले लाया."

"पाणी जाई राहिनं व्हतं," नाना म्हणाले.

"माले नही गयं का पाणी? मी उघडाच ठेवात."

ते दोघे आणखी दोनदा गेले. मी थैल्या घेऊन बाकावर बसले. बाक सिमेंटचा आहे, दुपारी तापतो; काहीतरी अंथरायला न्या.

नाशिकला परतून तीन आठवडे झाले. पार्कमधले एवढेच सांगते: निळी नळी चांगली आहे, जा. फोनवर आजवर आई बोलायची आणि नाना मागे खाटेवर बसून असायचे. निघायच्या आदल्या दिवशी मी आईकडून पाच खुणा शिकून घेतल्या: जेवण, पाणी, ये, धागा तुटला, डोळे उघड. काल व्हिडिओवर नानांना हातांनी विचारले, जेवलात का. त्यांनी मान हलवली. मग हात वर करून दाखवले, त्या खुणेला मनगट कसे धरायचे ते. मी पुन्हा विचारले. पुन्हा दाखवले.

आता फोन मी कानाला लावत नाही. डब्याला टेकवून समोर उभा करते.