जबलपुरातले डॉल्फिनचे जंत

जबलपूरहून समुद्र गाठायचा तर कुठल्याही बाजूने निघा, आगगाडीत रात्र काढावीच लागते. अशा गावात बसून मी डॉल्फिनच्या अंगातले जंत ओळखायचं काम केलं. मी ते ठरवून घेतलं नव्हतं, मैत्रिणीच्या फोनमुळे गळ्यात पडलं.

ती कोकणात पशुवैद्य म्हणून नोकरीला होती. तिच्या गावाजवळ एक मेलेला डॉल्फिन किनाऱ्याला लागला. चिरफाड करताना शेपटीकडच्या चरबीत आणि पोटाच्या आतल्या पडद्यावर तिला पांढऱ्या गाठी सापडल्या. "तुझ्याकडे पाठवते," ती म्हणाली. "इथं कोणाला जंतांत रस नाही." रस इथल्या पशुवैद्यकीय कॉलेजातल्या आमच्या विभागातही फारसा कोणाला नव्हता. आमच्याकडे यायच्या त्या गाईम्हशी. पण मी हो म्हणून बसले.

प्रत्येक गाठीत पट्टकृमीचं, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताचं, एक पिल्लू होतं. हे पिल्लू डॉल्फिनच्या अंगात शार्कची वाट पाहत पडून राहतं. शार्कने डॉल्फिन खाल्ला की शार्कच्या आतड्यात ते मोठं होतं, असं मानतात. आमच्या पिल्लांच्या नशिबी शार्क नव्हता. स्पिरिटच्या बाटलीत बसून ती कोकणातून जबलपूरला आली.

पिल्लू अर्धवट घडलेलं असतं, म्हणून ओळखणं अवघड. मी त्यांना रंग दिला, पातळ काप काढले, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. डोक्यावर फुलाच्या पाकळ्यांसारखे चार चूषक, म्हणजे चिकटून राहायचे अवयव. काहींची शेपटी लांबलचक, काहींची आखूड, काहींचं डोकं मोठं, काहींचं अगदी बारीक. आमचे विभागप्रमुख सर सकाळभर पाहत बसले आणि मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "चार जाती आहेत, मॅडम." चारींची नावंही त्यांनी वहीत लिहून दिली.

मलाही चारच वाटल्या. तरीही मी म्हटलं, "सर, एकदा डीएनए तपासून घेऊ."

"तपासा की. पण शरीर समोर दिसून राहिलं आहे. दिसतं त्याला साक्षीदार कशाला?"

तपासणी दुसऱ्या शहरात व्हायची होती आणि तिकडे आमचा नंबर लागेपर्यंत नमुने थंड ठेवायचे होते. उन्हाळा होता. विभागातल्या फ्रीजचं आणि विजेचं एकमेकांशी पटत नव्हतं. म्हणून नेपियर टाउनमधल्या आमच्या घरी, झाकणाच्या डब्यात बाटल्या घालून मी फ्रीजच्या तळाला ठेवल्या. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी डबा उघडला.

"काहून गं, साबुदाणा बाटलीत भिजवून राहिली?"

"साबुदाणा नाही आई, जंत आहेत. डॉल्फिनचे."

त्यांनी डबा अलगद खाली ठेवला, हात धुतले, पुन्हा धुतले. फ्रीजमधलं दही आणि कैरीचं लोणचं मोलकरणीला देऊन टाकलं. मी दुखावले. पण पुढच्या हळदीकुंकवाला सासूबाई स्वतःच बायकांना सांगत होत्या, "आमची सून डॉल्फिनची डॉक्टर आहे." ग्वारीघाटाकडे राहणाऱ्या एक बाई काळजीने म्हणाल्या, "अच्छा! म्हणजे नर्मदेतपण आहेत का हो?" सासूबाई म्हणाल्या, "असतील. ती सांगत नाही."

निकाल आला तेव्हा मी तो व्हरांड्यातच उघडून वाचला. जाती दोनच होत्या. शेपटीतला फरक खरा होता. डोक्याचा लहानमोठेपणा निव्वळ वयाचा होता. दोन्ही जाती शार्कमधल्या जंतांच्या जवळच्या नातेवाईक निघाल्या, पण हुबेहूब जुळणारा पूर्ण वाढलेला जंत अजून कोणाच्या हाती लागलेला नव्हता. म्हणजे पक्कं नाव नाही. आमच्या डोळ्यांना चार जाती नावांसकट मिळाल्या होत्या. जनुकांनी दोन दिल्या, त्याही बेनाव.

सरांना सांगायला मी दुपारपर्यंत धीर गोळा करत होते. निवृत्तीला आलेला माणूस, सगळी उमर सूक्ष्मदर्शकावर गेलेली. त्यांनी कागद वाचला आणि जाऊन पुन्हा काप पाहायला बसले. मी दाराशी उभीच. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली.

"दोनच आहेत. मी काय म्हणत होतो?"

"सर, तुम्ही चार म्हणत होता."

"चार म्हणजे दोन-दोन." मग मला बोलावून त्यांनी खुर्ची दिली. "इथं पाहा. लांब शेपटीवाल्याच्या चूषकाची कड दुमडलेली आहे. लहान असो की मोठं, प्रत्येकाची. आखूडवाल्याची सपाट."

मी पाहिलं. खरंच होती. इतके दिवस ती घडी आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर होती आणि आम्ही डोकी मोजत बसलो होतो. सर एकदम खुशीत आले, चहा मागवला आणि म्हणाले, "पाहिलं ना? मशीनला काय कळतं कड-बिड!" मी मान डोलावली. मला त्यांचा राग आला नाही, उलट हलकं वाटलं. जर्नलला पाठवलेल्या पेपरात ती घडी सगळ्यात वर गेली आणि जनुकं तिच्या आधाराला.

पेपर छापून आला. तो वाचल्याचं मला कोणी कळवलं नाही. त्याच सुमारास सिविल लाइंसमधल्या एका साहेबांच्या पत्नीने कुठून तरी माझं नाव ऐकून फोन केला. त्यांच्या कुत्र्याला जंत झाले होते. मी नेहमीची गोळी सांगितली. आठवड्याने कुत्रं उड्या मारायला लागलं आणि आमच्या घरी खोव्याच्या जलेबीचा डबा आला, वर ड्रायव्हरकरवी निरोप : "मॅडमजी, आपके जैसा एक्सपर्ट पूरे शहर में नहीं है."

जलेबी सासूबाईंनी शेजारीपाजारी वाटली.